मेस सेक्रेटरी, मुक्काम उम्म सईद

उम्म सईद, कतार
१२ ऑक्टोबर १९८०

ती. ताईस नमस्कार.

आबा शेजारी बसले असतील तर आधी त्यांना चहा दे आणि हे पत्र घेऊन परसात जा. मोठ्यानं वाचू नकोस.

आपल्या गावचा मच्छिंद्र सुतार इथं आमच्याच कंपनीत शटरिंगला आहे. तो पुढच्या आठवड्यात रजेवर येतोय. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. स्टँडवर उतरल्यापासून सांगत सुटेल की प्रतापसाहेब आम्हाला जेवायला घालतात. त्याच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. ताई, मी इथं इंजिनीअरचं काम करत नाही. मी कॅम्पची मेस बघतो. सहाशे माणसांचं खाणं, तिन्ही त्रिकाळ.

झालं असं की मुंबईच्या इंटरव्ह्यूला हद्दादसाहेब होते, आमचे मॅनेजर, लेबनानचे. त्यांनी पुलाच्या पायाबद्दल विचारलं आणि माझी दातखीळ बसली. शेवटी वैतागून म्हणाले, "बाबा रे, चार वर्षं कॉलेजात केलंस तरी काय?" मी म्हटलं, होस्टेलच्या मेसचा सेक्रेटरी होतो. आणि मग मी थांबलोच नाही. कंत्राटदाराला कसा हाकलला, पहाटे मार्केट यार्डात जाऊन वांगी कशी आणायचो, रविवारच्या श्रीखंडावरून मारामारी कशी मिटवली, सगळं सांगितलं. साहेब पोट धरून हसले आणि मला घेतलं. घेतलं ते सिव्हिल इंजिनीअर म्हणूनच हं, व्हिसावर तसंच लिहिलंय. पण मी पोचलो त्याच आठवड्यात इथला मेसवाला पळून गेला. माणसं ताटल्या वाजवत ऑफिससमोर आली. साहेबांनी चहूकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "यल्ला, मिस्टर मेस सेक्रेटरी!" यल्ला म्हणजे चल, ऊठ. चार दिवसांपुरतं, म्हणाले. चार दिवसांचे सात महिने झाले.

काय सांगू तुला डोक्याचा ताप! पठाणांना रोटी जाड हवी, मलबारच्यांना भात लाल हवा, बंगाल्यांना मासा रोज हवा आणि आपल्या सातारा-सांगलीकडच्यांना काहीही द्या, "ठेचा न्हाई व्हय सायेब?" वीट आलाय नुसता.

आबांना तू कसं सांगायचं ते बघ. किंवा सांगूच नकोस.

तुझा,
प्रताप


इस्लामपूर
२ नोव्हेंबर १९८०

चि. प्रतापास आशीर्वाद, द्यावेसे वाटत नसतानाही.

मच्छिंद्रला मी एसटी स्टँडवरच गाठला. शाळेतून हाफ-डे टाकून गेले. त्याला म्हटलं, आबांसमोर फक्त "साहेब ब्येस हायत" एवढंच बोलायचं, पुढं एक अक्षर काढलंस तर तुझ्या बायकोला सांगेन की तू तिकडे सिगारेट ओढतोस. बिचारा आबांसमोर तासभर "ब्येस हायत, ब्येस हायत" करत बसला. आबांना वाटलं त्याला उन्हाची झीट आलीय.

आता तुझ्याबद्दल. धन्य आहेस! आबा गावभर सांगत फिरतात की माझा प्रताप समुद्राकाठी लोखंडाचा कारखाना उभा करतोय. परवा ग्रंथालयात जाऊन कतारचा नकाशा बघून आले. आणि तू तिकडे डाळीला फोडणी देतोयस. हेच करायचं होतं तर इथं मोडलेल्या खानावळी काय कमी होत्या?

मला नवल वाटत नाही, राग येतो. कॉलेजात असताना मी तुला किती वेळा लिहिलं होतं, ती मेस सोड आणि अभ्यास कर म्हणून? सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला तुझी हजेरी तुझा तो मित्र गिरीश लावायचा आणि तू वांगी निवडत बसायचास. एक विषय दोनदा राहिला. तेव्हा म्हणायचास, "ताई, पुढं नोकरीत सगळं शिकता येतं." शिकलास हो! जे तिथं पेरलंस तेच उगवलंय.

हद्दादसाहेबांना जाऊन स्पष्ट सांग की मी इंजिनीअर आहे, मला साइटवर घ्या. काय म्हणाले ते उलट टपाली कळव.

ताई


उम्म सईद
९ जानेवारी १९८१

ती. ताईस नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण इथं माझा पार पिट्ट्या पडलाय. आता सहाशेची नऊशे माणसं झाली. वैताग म्हणजे काय ते आता कळतंय.

आमच्या भटारखान्याचा मुख्य कमाल, मलबारचा. हात देवाचा, पण डोकं दगडाचं. प्रत्येक आमटीत खोबरेल घालायचा. मी भांडण केलं नाही. कॉलेजात करायचो तेच केलं. जेवणं सुरू झाली की वाढपाकडे बघायचंच नाही, ताटल्या धुवायच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि उष्ट्याच्या पिंपात काय पडतंय ते बघायचं. माणूस तोंडानं खोटं बोलतो, ताटली बोलत नाही. तीन दिवस कमालला माझ्याशेजारी उभा केला. पठाणांची आमटी जशीच्या तशी पिंपात! चौथ्या दिवशी आपण होऊन म्हणाला, "साब, दो पतीला करेगा." आता दोन पातेली असतात. पण त्यामुळे गॅस जास्त लागतो, त्यावरून स्टोअरवाला माझ्या नावानं ओरडतो. आहे की नाही कटकट?

त्यात साइटवर दुपारचे डबे जायचे ते उन्हानं आंबायचे. मी साहेबांच्या मागे लागून लागून एक जुनी व्हॅन मिळवली, आतून थर्मोकोल मारून घेतलं. आता डबा गरम जातो, पण व्हॅनचा ड्रायव्हर रोज नवीन कारण काढून भांडतो. शुक्रवारी सगळं कतार सुटीवर असतं, मी एकटा कोंबड्या मोजतोय. दोहाला नजमा भागात मसाल्याचा एक दुकानदार आहे, त्याच्याकडे महिन्यातून एकदा जातो, तेवढीच माझी चैन. परवा हौस म्हणून संक्रांतीआधीच पंचवीस किलोच्या गुळपोळ्या केल्या, तर मलबारी म्हणाले पुन्हा कधी. आता हे नवीन लचांड मागे लागलं.

शेवटी काय, कुणी समाधानी नाही. माझ्यासारखा दुर्दैवी मीच.

तुझी प्रकृती कशी आहे? आबांचा खोकला?

प्रताप


इस्लामपूर
४ फेब्रुवारी १९८१

चि. प्रताप,

तीन पानं रडलास आणि मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर नाही. साहेबांशी बोललास का? नाही बोललास. तुझ्यानं होणार नाही, हे मला ठाऊक होतं. लहानपणीही मास्तरांनी चुकीचे मार्क दिले तर शाळेत मलाच जावं लागायचं.

तुझे हाल वाचून दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. म्हणून मी स्वतःच हद्दादसाहेबांना पत्र लिहिलं आहे. इंग्रजीत. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तपासून दिलं. माझा भाऊ सिव्हिल इंजिनीअर आहे, त्याला भात शिजवायला बसवणं हा त्याच्या शिक्षणाचा अपमान आहे, तो अत्यंत दुःखी आहे पण भिडस्त असल्यामुळे बोलत नाही, तरी त्याला ताबडतोब योग्य कामावर घ्यावं, असं सविस्तर लिहिलंय. खाली माझी सही आणि "सहशिक्षिका, गणित" असं.

आभार मानू नकोस. मोठ्या बहिणीचं कामच आहे ते.

ताई


उम्म सईद
६ मार्च १९८१

ताई,

काय केलंस हे? काय केलंस?

सोमवारच्या मीटिंगला सगळे बसले होते. स्कॉटलंडचा एक इंजिनीअर, दोन फिलिपिनो, आमचा अकाउंटंट. हद्दादसाहेबांनी खिशातून तुझं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत! मला वाटलं जमीन दुभंगावी. वाचून झाल्यावर कुणी हसलं नाही, ते तर आणखी वाईट. साहेब गंभीरपणे म्हणाले, "मलाही एक मोठी बहीण आहे, बैरुतला. तिचं असं पत्र आलं असतं तर मी ऐकलं असतं." आणि मला म्हणाले, "प्रताप, तू एवढा दुःखी आहेस हे मला सांगायचं होतंस. खलास, उद्यापासून तू साइटवर."

मी "नाही साहेब" म्हणालो तर तुझं पत्र खोटं पडतं. "हो साहेब" म्हणालो तर माझं काम जातं. मी "हो साहेब" म्हणालो.

मी दुःखी आहे असं तुला कुणी सांगितलं? अगं, मी कुरकुरतो! आपल्या घरात कोण कुरकुरत नाही? आबा आयुष्यभर नोकरीला शिव्या देत होते आणि रिटायर झाले त्या दिवशी ढसढसा रडले. तू स्वतः "या कार्ट्या माझा जीव घेणार" म्हणत रोज शाळेत आधी पोचतेस. ज्या कामावर जीव आहे त्याचीच माणूस तक्रार करतो, दुसऱ्याची कशाला करेल? तीन पानं मी मेसबद्दल लिहिलं. इथं यायच्या आधी मुंबईत एका कंत्राटदाराकडे सहा वर्षं पाटबंधाऱ्याचे नकाशे काढत होतो, त्याबद्दल कधी एक ओळ तरी लिहिली होती का तुला?

मेस आता स्टोअरवाल्याकडे दिलीय. पहिल्याच दिवशी त्यानं दोन पातेल्यांचं एक केलं.

प्रताप


इस्लामपूर
३० मार्च १९८१

चि. प्रताप,

साइटवर गेलास हे वाचून बरं वाटलं. पुढचं मी वाचलं नाही असं समज.

मी आबांना तुझं काम वाढलं असं सांगितलं. त्यांनी पेढे आणले आणि सबंध आळीत वाटले. मुख्याध्यापिकाबाईंनाही दिले, कारण पत्र त्यांनी तपासलं होतं. सगळे खूश आहेत, तू सोडून. तू कधी कशानं खूश होतोस ते एकदा लिहून पाठव, म्हणजे मला तसं वागता येईल.

पहिले दिवस कुणालाही जड जातात. जुनी पुस्तकं काढ. तुझं सर्व्हेइंगचं पुस्तक माझ्या कपाटात आहे. कोरं करकरीत आहे. मच्छिंद्र रजा वाढवत वाढवत आता कुठं परत निघालाय, त्याच्याबरोबर देते.

ताई


उम्म सईद
२४ जुलै १९८१

ती. ताईस नमस्कार.

चार महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही करत नव्हतो. आता केलंय.

एका मोठ्या शेडचे खांब उभे करायचे होते. पायाच्या काँक्रीटमध्ये आधी बोल्ट बसवून ठेवायचे, मग खांब येतो आणि त्याची भोकं त्या बोल्टवर बसतात. आखणी माझ्याकडे होती. तू पाठवलेलं पुस्तक रोज उशाशी घेऊन झोपत होतो. आणि मी नकाशा उलटा धरून सगळी ओळ आखली, ताई. उत्तरेचं दक्षिणेला. काँक्रीट पडलं, वाळलं, क्रेननं पहिला खांब आणला आणि तो बसेना. दुसरा बसेना. एकही बसेना. भर रमजानात, या उन्हात, उपाशी माणसं ते काँक्रीट फोडत बसली. त्यात मच्छिंद्र होता. मला बघून त्यानं मान फिरवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हद्दादसाहेबही ओरडले नाहीत. बोलावून बसवलं. त्याच आठवड्यात मेसमध्ये दीडशे माणसं पोटानं आजारी पडली होती, आंबलेल्या डब्यांनी. साहेब म्हणाले, "दोन माणसं चुकीच्या जागी आहेत आणि दोन्हीकडे मीच ठेवलीत." सप्टेंबरात माझा करार संपतोय. म्हणाले, हवं तर साइटवरच राहा, कुणाच्या तरी हाताखाली शीक, पाच-सहा वर्षांत होशील बरा इंजिनीअर. नाहीतर कॅम्पचं सगळं जेवणखाण घे, आता तीन कॅम्प होताहेत. पण मग व्हिसा बदलेल, नावापुढचं इंजिनीअर जाईल, आणि कुठलीच कंपनी तुला पुन्हा इंजिनीअर म्हणून घेणार नाही. बहिणीला विचार, म्हणाले.

मी तुला विचारत नाही, सांगतोय. मी मेस घेणार. एकतिसाव्या वर्षी मला कळलंय की चार वर्षं मी कॉलेजात शिकलो ते वर्गात नाही, भटारखान्यात. डिग्री मिळाली ती दुसऱ्याच गोष्टीची. रागव, शिव्या घाल, पण या वेळी साहेबांना पत्र लिहू नकोस. हात जोडतो.

तुझा,
प्रताप


इस्लामपूर
१५ ऑगस्ट १९८१

प्रताप,

झेंडावंदन करून आले आणि लिहायला बसलेय. चारदा लिहून चारदा फाडलं.

"डिग्री मिळाली ती दुसऱ्याच गोष्टीची." किती सहज लिहिलंस रे! डिग्री म्हणजे काय बसमधली जागा आहे, नको झाली की उठून गेलं?

ती कुणाची होती ते तुला ठाऊक आहे? मॅट्रिकला गणितात तालुक्यात पहिली आले ती मी. सरांनी घरी येऊन आबांना सांगितलं होतं, पोरीला इंजिनीअरिंगला घाला, मी शब्द टाकतो. आबा म्हणाले, "पोरीच्या जातीनं होस्टेलात राहायचं? आणि दोघांचं मला झेपायचं नाही. एकालाच घालीन." मला डी.एड.ला घातलं आणि तुझ्यासाठी वाट बघितली. तू तेव्हा नववीत होतास आणि समीकरण सोडवताना बोटं मोजायचास. तुला इंटरला गणित कुणी शिकवलं? सुट्टीत तुझ्या ड्रॉइंगच्या शीट कुणी काढल्या? मी, या घरातल्या पाटावर बसून, कंदिलाच्या उजेडात! ते पुस्तक कपाटात कोरं नव्हतं. ते मी पूर्ण वाचलंय. कव्हर घालून वाचलं म्हणून कोरं दिसलं. बोल्टची ओळ उलटी आखली हे वाचलं तेव्हा तुझी दया नाही आली मला. माझे हात शिवशिवले.

मी तुझ्यावर का चिडते असं तुला वाटतं? खानावळीची लाज वाटते म्हणून? तू ते वाया घालवलंस म्हणून चिडते. मला दिलं नाही ते नाही, पण निदान ज्याला दिलं त्यानं तरी ते वापरावं, एवढंच मागत होते मी. तेही नाही.

तुला काय करायचंय ते कर.

शैलजा


उम्म सईद
५ सप्टेंबर १९८१

ताई,

तू खाली "शैलजा" असं लिहिलंस. पहिल्यांदाच.

मी सही केली. पहिल्या तारखेपासून तिन्ही कॅम्प माझ्याकडे. तुझं पत्र त्याआधी आलं होतं. वाचूनही केली, हे तुला खोटं सांगत नाही.

मला ठाऊक होतं. त्या शीट कॉलेजात ड्रॉइंगच्या सरांनी वर्गात दाखवल्या होत्या, "बघा, रेघ कशी असते!" म्हणून. मी मान खाली घालून बसलो होतो. दुसऱ्याच्या ताटावर बसवलं की माणसाला भूक लागत नाही ताई. मी वर्गात बसायचो आणि मला वाटायचं इथं दुसरं कुणीतरी बसायला हवं होतं. भटारखान्यात तसं कधी वाटलं नाही. आता तरी मला माझ्या पाटावर बसू दे.

पण एक विचारतो, आणि हे विचारताना मलाही राग आलाय. सतरा वर्षं तू माझ्यावर चिडतेस. मी नववीत होतो गं! मला विचारून कुणी ठरवलं होतं का? ज्यांनी ठरवलं ते तुझ्यासमोर रोज बसतात, तू त्यांना चहा देतेस, औषध देतेस, त्यांच्यासाठी खोट्या गोष्टी रचतेस. मच्छिंद्रला धमक्या देतेस, माझ्या साहेबाला इंग्रजीत पत्र लिहितेस. मग आबांना एक वाक्य सांगायला तुझी जीभ का रेटत नाही?

तुझाच,
प्रताप


इस्लामपूर
१० ऑक्टोबर १९८१

चि. प्रतापास आशीर्वाद.

दसरा झाला. संध्याकाळी महिपतीकाका सोनं द्यायला आले. ओसरीवर बसून म्हणाले, "काय म्हणतोय आबासाहेब तुमचा इंजिनीअर?" आबा सावरून बसले. "तीन-तीन कारखाने आता त्याच्याकडं. मुख्य केलाय त्याला."

मी आतून फराळाच्या बशा घेऊन आले होते. बशा खाली ठेवल्या आणि म्हटलं, "काका, प्रताप इंजिनीअर नाही. तो तिकडे दीड हजार माणसांची मेस चालवतो, आणि चांगली चालवतो. इंजिनीअर या घरात मी व्हायची होते. आबांनी कॉलेज चुकीच्या पोराला दिलं."

माझा आवाज चढला नव्हता. वर्गात प्रमेय सांगते तसं सांगितलं. महिपतीकाका हातातली आपट्याची पानं बघत बसले, मग चिवडा तसाच टाकून "येतो" म्हणाले.

मला वाटलं आबा ओरडतील. नाही ओरडले. त्यांना खोकल्याची उबळ आली, मी पाणी दिलं. दिवेलागण झाली तरी तिथंच बसून होते. मी भाकरी टाकायला बसले तेव्हा आत आले, दाराला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "गणित तुझंच चांगलं होतं. मला तेव्हाबी ठाऊक होतं." एवढंच बोलले आणि पानावर येऊन बसले.

तू म्हणालास एक वाक्य सांग. सांगितलं. आता माझं ऐक. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना कळलंच नसेल. चार बुकं शिकलेला साधा माणूस, पोरीचं गणित त्याला काय कळणार! तेवढ्या एका समजुतीवर मी त्यांना दोन वेळा गरम वाढत आले. त्यांना कळलं होतं, प्रताप. कळून दिलं नाही.

परवा वाढलं. कालही वाढलं. आज भाकरी थापून झाली आहे, ते पाटावर येऊन बसलेत, आणि मी इकडे तुला पत्र लिहितेय. माणसांना जेवू घालण्यातलं तुला कळतं ना? मग तूच सांग, आता कशावर वाढू?

ताई